डिस्ट्रिब्युटरचं झाकण

बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून आप्पांनी व्याख्यान सुरू केलं. "कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. मग डिस्ट्रिब्युटरमधला रोटर फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी पोचवतो. तुला काय कळणार म्हणा."

"मला मेलीला कुठलं कळायला," कुमुदिनीबाई म्हणाल्या. लग्नापासून त्या हेच ऐकत आल्या होत्या.

गेल्या महिन्यात आप्पांनी भरदिवसा भाजीची हातगाडी उडवली. दोष अर्थात हातगाडीचा. चष्म्याचं नाव काढलं की ते घर डोक्यावर घेत. म्हणून बाईंनी गुपचूप रोटर काढून मिसळणाच्या डब्यात ठेवला होता.

आप्पांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आत निरखून पाहिलं. "सगळं जागच्या जागी आहे."

बाईंनी मान डोलावली. रोटर नाही हे ज्या दिवशी आप्पांना दिसेल, त्या दिवशी त्या स्वतः तो बसवून देणार होत्या.