मानाचं हाड

सासऱ्यांनी उकडलेल्या मेंढीची परात उर्मातपुढे सरकवली आणि म्हणाले, "वाढा, जावईबापू."

 उर्मात किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर वाढलेला. तिथे मटण म्हणजे मटण. इथे, नारिन प्रांतातल्या खेड्यात, प्रत्येक हाडाचा धनी ठरलेला. कमरेचं सगळ्यांत ज्येष्ठ पाहुण्याला, मांडीचं त्याच्या खालच्याला, छातीचं जावयाला. चूक झाली की माणूस सात वर्षं बोलत नाही, आणि आठव्या वर्षी बोलतो ते फक्त त्या चुकीबद्दल.

पण उर्मात प्रोग्रामर होता. हा दिवस उगवणार हे ओळखून त्याने चार महिने खपून एक ॲप तयार केलं होतं. रुमालाआड धरलेल्या मोबाइलवर प्रत्येक हाडाभोवती हिरवी चौकट उमटली. चौकटीवर नाव, नावापुढे खात्री. 'कमर, ९८ टक्के.' एवढी खात्री उर्मातला स्वतःच्या लग्नाबद्दलही नव्हती.

ते हाड त्याने दोन्ही हातांनी देर्बिशाली आकेंपुढे ठेवलं. आके म्हणजे मानाचे वडीलधारे; हे एक्याऐंशी वर्षांचे, खिंडीपलीकडून या घरी पहिल्यांदाच आलेले. मग गावातल्या म्हाताऱ्यांना एकेक हाड गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उर्मातच्या जिवात जीव आला.

आकेंनी मात्र हाड सगळीकडून फिरवून पाहिलं.

"छातीचं दिलंत," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे या घरचा जावई मी. मग तुम्ही कोण?"

सगळे आपापल्या चहाच्या वाटीत बघू लागले.

सासऱ्यांनी, म्हणजे सागिनबाय यांनी, उर्मातला दंडाला धरून अंगणात नेलं. रुमालाखालचं ते काय आहे, विचारलं. उर्मातने सगळं ओकून टाकलं. हे यंत्र फोटो बघून शिकतं. बायकोने माहेरच्या मेजवान्यांचे सोळा वर्षांचे फोटो काढून दिले होते, अकराशे. सगळ्यांत ज्येष्ठ माणसापुढे जे हाड, ते कमरेचं, असं उर्मातने त्याला शिकवलं होतं.

"आणि त्या प्रत्येक फोटोत वाढताय तुम्हीच," तो म्हणाला.

 सागिनबाय यांनी दाराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला.

"मी अंदाजानं वाढत होतो रे. वाटायचं, चुकलं तर कुणीतरी बोलेल."