कढईतलं लोखंड

"रक्त कमी आहे म्हणाल्या ना डॉक्टरबाई? मग खा मुकाट्यानं." सासूबाईंनी लोखंडाची कढई माझ्या ताटाशेजारी ठेवली. मला सातवा महिना लागल्यापासून रोज संध्याकाळी हेच. काळपट झालेली माठाची भाजी, वर लसूण, आणि शेवटचा घास उतरेपर्यंत त्यांचं माझ्याकडे बघत बसणं.

मागच्या अंगणात उजेड हळूहळू निवत होता. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी कॉलेजात शिकवते तेच सांगू लागले. "आई, हे लोखंड पृथ्वीवर नाही झालेलं. मोठ्या ताऱ्याच्या पोटात झालं. तो लाखो वर्षं जळत असतो, पण पोटात लोखंड तयार झालं की संपतो. फुटतो, आणि ते आभाळभर विखुरतं. तेच कढईत आलं, आपल्या रक्तातही आलं."

त्यांचा हात कढईच्या कानावर तसाच राहिला.

"म्हणजे बाळंतपणातच गेली म्हणायची चांदणी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"माझी आई तशीच गेली, माझ्या वेळेला. अंगात रक्तच नव्हतं म्हणे. मी विचारलं की मावशी वर बोट दाखवायची, चांदणी झाली म्हणायची. मोठी झाल्यावर मी विचारायचं सोडून दिलं."

चिंचेच्या शेंड्यावर एक चांदणी दिसू लागली होती. त्या कितीतरी वेळ तिकडे बघत राहिल्या. मग कढईला चिकटलेली भाजी बोटांनी निपटून त्यांनी माझ्या ताटात वाढली.

"टाकू नकोस काही," त्या म्हणाल्या. "जीव देऊन केलंय तिनं."