हौकीची शिकवणी

आइलीच्या लेकीचं, मारितचं, लग्न ठरलं ते २००९ साल. आइली फिनलंडात, लग्न ऑस्ट्रेलियात, पर्थला. आइलीच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, विमानप्रवासाला डॉक्टरांची मनाई. शनिवारी लग्न इंटरनेटवर थेट दिसणार होतं. पण तिच्या लिनक्सच्या संगणकावर ब्राउझरला व्हिडिओ दाखवता येण्यासाठी लागणारी छोटी जोड, म्हणजे प्लगइन, नव्हतं. वरच्या मजल्यावर बहीण केर्त्तू राहायची. पण आईचा हातमाग कोणी घ्यायचा यावरून दोघींचा अकरा वर्षं अबोला होता.

गुरुवारी आइलीने लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. ‘हौकी’, म्हणजे फिनिशमध्ये एक मासा, या टोपणनावाने लगेच उत्तर आलं.

"फाइल उतरवली का, बाई?"

"उतरवली. त्या फाइलचं गाठोडंही सोडलं. आता?"

"आत एकच फाइल असेल. ती ब्राउझरच्या फोल्डरात जायला हवी."

"ते फोल्डरच दिसत नाही हो."

"लपलेलं आहे. त्याच्या नावाआधी टिंब आहे. कंट्रोल आणि एच दाबा."

"अगंबाई! एवढी मंडळी माझ्याच घरात लपून बसली होती?"

"त्यात ‘प्लगइन्स’ नावाचं नवं फोल्डर करा आणि फाइल तिथे टाका. मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. पण आधी उठा, सूप करपतंय."

आइली लंगडत धावली. वाटाण्याचं सूप खरंच बुडाला लागलं होतं. तिला हसू आलं. गुरुवारी फिनलंडात कोणाच्या शेगडीवर वाटाण्याचं सूप नसतं!

शनिवारी मारित चर्चमध्ये चालत आली, तेव्हा आइलीने पडद्यावर हात ठेवला. मग हौकीला लिहिलं.

"दिसली हो! तुमचे उपकार कसे फेडू? कॉफीला या, दालचिनीचे पाव करते."

"गुडघे ऐकत नाहीत आता. नवरीने काय घातलं होतं तेवढं सांगा."

आइलीने सगळं लिहिलं. आजीचा चांदीचा ब्रोच, वाऱ्याने उडालेली नवरीच्या डोक्यावरची जाळी, सासऱ्यांचे मोठाले बूट. मग रोज सकाळी लिहिणं सुरू झालं. आधी हवापाणी, मग औषधं, मग थट्टा.

"देवानेच हा माणूस पाठवला," ती दुकानातल्या बाईला सांगायची.

ऑक्टोबरात एका दुपारी वर काहीतरी धपकन पडलं. आइली काठी टेकत, अकरा वर्षांनी, तो जिना चढली. केर्त्तू जमिनीवर होती. टेबलावर संगणक चालू होता, आणि पडद्यावर हौकीच्या नावाने, आइलीलाच, अर्धवट लिहिलेलं उत्तर. केर्त्तू वारली ती मंगळवारी, २० ऑक्टोबर २००९ रोजी.