मशीनशी डाव

"उजवा नाही बाबा, डावा," रुचिता म्हणाली आणि तिने माऊस वडिलांच्या डाव्या हाताखाली सरकवला.

लकवा झाल्यापासून भैय्यालाल मेश्रामांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्याला काम द्या, बुद्धिबळ खेळवा. रेल्वेत होते तेव्हा पटावर त्यांच्यासमोर बसायला लोक कचरायचे. आता घरात खेळणारं कोणी नव्हतं, म्हणून रुचिताने कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं.

सुरुवातीला घोडा भलत्याच घरात पडायचा. ते हरले की ती म्हणायची, माऊसमुळे झालं. हळूहळू माऊस हातात बसला. हरणं मात्र थांबलं नाही.

आज आई त्यांना चहा पाजत होती, तेवढ्यात रुचिताने मेनू उघडला आणि लेव्हल गुपचूप पाचवरून एकवर आणली. लेव्हल एकवर, म्हणजे यादीतल्या सगळ्यात खालच्या, सगळ्यात सोप्या लेव्हलवर, मशीन मुद्दाम चुका करते.

नवा डाव सुरू झाला. थोड्याच वेळात मशीनने आपला वजीर त्यांच्या घोड्याच्या माऱ्यात आणून ठेवला. एकटा, मागे कोणाचा जोर नाही.

रुचिता खुर्चीच्या कडेवर आली.

"बाबा, आराम से. अच्छे से देखो."

"पाहूनच राहिलो ना."

माऊसचा बाण घोड्यावर आला. थांबला. बाण पुढे गेला, कडेच्या प्याद्यावर टेकला, आणि त्यांनी प्यादं एक घर सरकवलं.

"बरोबर पडलं ना?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"हव बाबा. एकदम बरोबर."

वजीर तिथून निघून गेला. पुढे त्यांचा एकेक मोहरा पटावरून उतरत गेला आणि शेवटी राजा कोपऱ्यात अडकला. मात.

भैय्यालाल लेकीकडे न बघताच म्हणाले, "लई पक्की आहे मशीन. पोरी... याच्याहून सोपी लेव्हल नाही का यात?"

"है ना, बाबा," रुचिता म्हणाली.

तिने माऊस आपल्याकडे ओढला, मेनू उघडला, आणि एकच्या खालच्या कोऱ्या जागेवर क्लिक करत राहिली.