चार कंदिलांचा तंबू

खकनारच्या जंगलात गारा पडून गेल्या आणि कडाक्याची थंडी सुटली. इंग्रज सरकारच्या मोजणीवर आलेल्या दिगंबररावांनी तंबूचं दार करकचून बांधलं, फटींत घोंगड्या कोंबल्या आणि उबेसाठी मेणबत्तीचे चार कंदील पेटवले. सोबत एकटा सुपडू होता. एरवी बुऱ्हाणपुरात विहिरी उपसणारा, सध्या मोजणीची साखळी ओढणारा.

"रावसाहेब, वारं नाही, तरी चारी ज्योती बसत चालल्या."

"मग पाचवा लाव," दिगंबरराव डोकं धरून म्हणाले. "दाराला मात्र हात लावू नकोस."

सुपडूनं कंदील लावला नाही. कमरेचा विळा काढून तो त्यांच्याकडे आला. दिगंबररावांना ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. उठायचं होतं, पण पाय उचलेनात. विळा त्यांच्या डोक्यावरून गेला आणि मागचं कापड टर्रकन फाटलं.

गार वारा आत घुसला. हळूहळू काचेआडच्या ज्योती ताठ झाल्या.

"विहिरीत उतरायच्या आधी आम्ही कंदील सोडतो," सुपडू धापा टाकत म्हणाला. "तो मंदावला तर खालची हवा वाईट, माणूस उतरत नाही. आज आपण कंदिलासंगंच खाली जाऊन बसलो होतो."