एकशे दहाच्या वर

डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, लकव्यानंतर चालणं हेच औषध, पण मिनिटाला ठोके एकशे दहाच्या वर गेले तर थांबायचं. म्हणून काल्हेरला घरामागच्या गोदामाच्या भिंतीलगत दौलत फेऱ्या मारायचा आणि फेरी संपली की त्याची बायको चंद्रा घड्याळ समोर ठेवून त्याचं मनगट धरायची. रोज एकशे वीस, एकशे तीस. पुन्हा लकवा मारेल, हीच तिला धास्ती.

"बसा आता," ती म्हणायची. महिन्याभरात चार फेऱ्यांची एक झाली.

तपासणीला मॅडमनी त्याला दहा मिनिटं चालवलं, खुर्चीत बसवून नाडी पाहिली. पंच्याण्णव.

"न्हाय मॅडम, मी रोज मोजते," म्हणत चंद्राने घाईने त्याचं मनगट धरलं.

मॅडमनी तिचा हात पाहिला. "अंगठ्याने मोजता?"

"भात लावून लावून बोटं बधिर झालीत. ठोके अंगठ्यालाच लागतात."

"मावशी, अंगठ्यालाही नाडी असते. महिनाभर तुम्ही तुमचेच ठोके मोजताय."

चंद्राच्या हातातून मनगट सुटलं. दौलत खुर्चीचा हात धरून सावकाश उठला.

"तू बस आता," तो जड जिभेने म्हणाला.