माणसाचं मागवलं होतं

डबा उघडला आणि मेघनाने कपाळावर हात मारला. "मागवलं माणसाचं, पाठवलं उंदराचं! डोळे काय गहाण ठेवलेत का यांनी?"

जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी ग्रोथ फॅक्टर, म्हणजे तिच्या पेशींचा खाऊ. तो मिळाला नाही तर पेशी दोन दिवसांत मरतात, हाच तिच्या पीएचडीचा शोध. चार वर्षं घासली होती बाईने त्यावर. या आठवड्यात प्रबंध द्यायचा, आणि शेवटच्या प्रयोगातल्या पेशी सकाळपासून उपाशी.

तिने कळव्याच्या लॅबमधल्या सिद्धेशला फोन लावला. दोघं एमएस्सीला एकत्र होते.

"एखादी व्हायल आहे का रे? मरतील माझी बाळं!"

"रडू नको. आहे. लवकर ये, मला निघायचंय."

वर्तकनगरहून रिक्षा केली, तर कळव्याच्या पुलावर ही गर्दी! रिक्षावाला निवांत, मेघना नखं खात बसलेली. सिद्धेश बॅग अडकवून गेटवरच उभा होता. बर्फाच्या पिशवीतली इवलीशी काचेची व्हायल त्याने तिच्या हातात ठेवली.

मेघनाने ती उजेडात धरली. "अरे, ही तर रिकामी दिसतेय."

"आता तुला मी शिकवू? सुकवलेलं प्रोटीन कधी डोळ्यांना दिसलंय का?"

खरंच होतं. इतकं कमी असतं ते, की काचेला चिकटलेलं कळतही नाही. मेघना ओशाळली. लॅबवर येऊन तिने व्हायलमध्ये द्रावण सोडलं, हळूच हलवलं आणि पेशींना घातलं. एक थेंबही सांडू दिला नाही.

नंतर दोन दिवस तिला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या गाइड नीला मॅडम स्वतः मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या. मेघना मागे देव आठवत उभी.

"अगं, जगल्या की! मस्त पसरल्यात." मॅडमनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "खाऊ नाही, तर पेशी नाहीत. आता कोणी खोट काढून दाखवावी! जा, प्रबंध छापायला टाक."

मेघनाला रडूच फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. सिद्धेश होता.

"मेघना, शिव्या घाल मला. लेबलवरचा नंबर उतरवायला ठेवलेली संपलेली व्हायल दिली गं तुला घाईत. भरलेली इथेच फ्रीजरमध्ये आहे. मेल्या का गं सगळ्या?"